हाई मशीन कायले वाजस? (अहिराणी: हे मशीन का वाजतंय?) : इंटर्नना आयसीयूचा मॉनिटर शिकवताना

तापीकाठ | १४ मे, रात्री ११:५२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मी खान्देशातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवतो. कुठल्या ते विचारू नका. पेशंटचे तपशीलही ओळखू येणार नाहीत इतपत बदललेत.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. रावेरकडचे एक आप्पा, सत्तरीच्या पुढचे, दोन्ही किडन्या निकामी. घरात लग्न होतं म्हणून लागोपाठ दोन डायलिसिस चुकवलेले. अशक्तपणा फार म्हणून रात्री आयसीयूत घेतलं, मॉनिटर लावला. ड्युटीवरच्या इंटर्नने दर तासाला तक्त्यात हार्टरेट लिहिला: १३२, १३०, १३४. अक्षर मोत्यासारखं. पहाटे सिस्टर बीपीचा पट्टा बांधायला गेल्या, सवयीने मनगट धरलं आणि तिथूनच मला फोन लावला. "सर, मशीन १३२ म्हणतंय. हाताला ६६ लागतेय."

बरोबर निम्मे. मी धावत गेलो. स्क्रीनवर टी लाटा (प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारा उंचवटा) तंबूच्या खांबासारख्या उभ्या होत्या, क्यूआरएस (ठोक्याचं मुख्य टोक) रुंद आणि बुटका. मशीन बिचारं उंच दिसेल ते मोजतं. त्याने प्रत्येक ठोक्यातला क्यूआरएस एकदा मोजला आणि टी पुन्हा एकदा. रक्तातलं पोटॅशियम आलं ७.८. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश दिलं आणि दोन-तीन मिनिटांत तो रुंद क्यूआरएस डोळ्यांदेखत बारीक होत गेला. मग इन्सुलिन-ग्लुकोज, नेब्युलायझर, आणि सकाळी डायलिसिस. आप्पा आता बरे आहेत, तंबाखू मागतात.

त्या पोराला मी रागावलो नाही. रागावणार कुठल्या तोंडाने? त्याला फायनलच्या परीक्षेत हायपरकलेमियाचा (रक्तात पोटॅशियम वाढल्याचा) ईसीजी दाखवला असता तर झोपेतही ओळखला असता. पण तो ईसीजी कागदावरचा. गुलाबी चौकटी, बारा लीड (बारा बाजूंनी घेतलेल्या रेघा), हलत नाही, आणि समोर ठेवणाराच सांगतो की यात काहीतरी आहे, शोध. मॉनिटरवर असं कोणी सांगत नाही. तिथे एकच रेघ रात्रभर सरकत असते, कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत आकडा असतो, आणि माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो. आपण पोरांना ईसीजी शिकवतो, मॉनिटर शिकवतच नाही. तो म्हणे 'बघून बघून येतो'.

म्हणून या वर्षीपासून मी पहिल्या दिवशी असं करतो. चार-पाच इंटर्न घेतो, रिकाम्या कॉटवर त्यांच्यातल्याच एकाला झोपवतो आणि इलेक्ट्रोड त्यांनाच लावायला सांगतो. उजव्या हाताचा उजव्या कॉलरबोनखाली, डाव्याचा डावीकडे, पायाचे बरगड्यांच्या खालच्या काठाशी. निम्मी पोरं पोटावर लावतात. मग झोपलेल्याला म्हणतो, दात घासल्यासारखा हात हलव. स्क्रीनवर लगेच 'व्हीटी' (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची धोकादायक, वेगवान लय) येतो, अलार्म बोंबलतो, आणि झोपलेला हसत असतो. मग विचारतो, हा मेला का? नाही ना? मग तुला कशावरून कळलं? इथून शिकवणं सुरू होतं. नीट बघितलं तर त्या खोट्या व्हीटीतही खरे, अरुंद क्यूआरएस ठराविक अंतराने डोकं वर काढताना सापडतात, आणि खाली सॅच्युरेशनची (बोटावरच्या क्लिपची) लाट आपली शांतपणे चालू असते.

त्यानंतर स्क्रीनवर नॅपकिन टाकतो. आता नाडी धर, हातपाय गार आहेत का बघ, पेशंटशी बोल, आणि मग सांग आकडा काय असेल. नॅपकिन काढल्यावर जुळलं नाही तर कोण चुकलं ते शोधायचं.

बाकीचे लोक कसं शिकवतात? डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, ज्यांचे नातेवाईक आयसीयूत होते ते, सगळ्यांनी लिहा.

---

केळीचा_घड | १५ मे, सकाळी ७:१०

जबरदस्त धागा. वाखु (वाचनखूण) साठवली. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

जांभूळपाणी | १५ मे, दुपारी ३:३५

सर, नमस्कार. मी आयसीयूत स्टाफ आहे, बावीस वर्षं झाली. मनगट धरणाऱ्या त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

लाट ओळखायच्या आधी इलेक्ट्रोड चिकटायला हवा, हे कोणी शिकवत नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास. पेशंट घामाने निथळत येतो, वरून कोणीतरी छातीला तेल नाहीतर बाम चोळलेला असतो. तसाच इलेक्ट्रोड दाबला की दहा मिनिटांत सुटतो, मशीन सरळ रेघ दाखवतं आणि बाहेर काचेला नाक लावून उभा असलेला मुलगा जागीच बसतो. एकदा एक आजी माझा पदर धरून म्हणाल्या, "माय, हाई मशीन कायले वाजस? मन्हा धनी जित्ता शे ना?" त्यांचे धनी आत पाणी मागत होते.

आमची पद्धत अशी. केस असतील तर काढायचे. कोरड्या गॉजने घाम-तेल पुसायचं, मग स्पिरिट, आणि ते वाळू द्यायचं. ओल्यावर लावायची घाई सगळे करतात. इलेक्ट्रोडचं पाकीट फोडून ट्रेमध्ये उघडं ठेवू नये. आपल्या हवेत मधली जेल दोन दिवसांत वाळते आणि मग रेघ गवतासारखी दिसते. इलेक्ट्रोड रोज बदलावेत. 'अजून चिकटलाय ना' म्हणून चार-चार दिवस ठेवतात आणि अलार्म वाजला की मशीनला शिव्या देतात. बायकांच्या बाबतीत तर इंटर्न पोरं लाजून कुठेही लावतात. ताईला किंवा आजीला आधी सांगा काय करणार आहात, पडदा ओढा, बरोबर सिस्टर ठेवा, आणि योग्य जागी लावा. लाजेपोटी पोटावर लावलेल्या इलेक्ट्रोडची लाट खोटी येते.

दुसरं म्हणजे अलार्म. इंटर्न आला की सगळ्यात आधी सायलेन्सचं बटण कुठे ते शिकतो. दोन मिनिटं शांत, परत वाजला, परत दाबलं. रात्री दोनपर्यंत त्याला अलार्म ऐकूच येईनासा होतो. गिरणीजवळ राहणाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही, तसं. मी नव्या पोराला सांगते, ड्युटीला आल्यावर आधी प्रत्येक कॉटची लिमिट बघ. मशीन ५० ते १२० धरून बसलेलं असतं. ज्याची नाडी औषधावर ४८ आहे आणि तो छान आहे, त्याच्याकडे ते रात्रभर बोंबलणार. त्याची खालची लिमिट डॉक्टरला विचारून बदल आणि फाइलमध्ये लिही. पण अलार्म कायमचा बंद करणारा माझ्या वॉर्डात दिसला तर त्याचा चहा बंद.

---

बिनतारी | १५ मे, रात्री ९:०४

बायोमेडिकलचा माणूस. ही मशीनं दुरुस्त करण्यात आयुष्य चाललंय. जांभूळपाणीताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. 'मॉनिटर खराब' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मी नवा इलेक्ट्रोड लावून मिटवतो. बिल मात्र लावत नाही, लाज वाटते.

डॉक्टर लोकांना तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, रंग. आपल्याकडे दोन्ही पद्धतींच्या केबल येतात आणि कधीकधी एकाच आयसीयूत शेजारी-शेजारी लटकतात. युरोपी पद्धतीत लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय, पांढरा छाती. अमेरिकी पद्धतीत पांढरा उजवा हात, काळा डावा हात, लाल डावा पाय, हिरवा उजवा पाय, तपकिरी छाती. म्हणजे एका केबलचा काळा पायाला आणि दुसरीचा काळा हाताला. 'लाल-पिवळा-हिरवा, सिग्नलसारखं' एवढं पाठ करून आलेला पोरगा अमेरिकी केबलपुढे उभा राहिला की लाट उलटी येते आणि दोष माझ्या मशीनला. म्हणून रंग पाठ करू नका, क्लिपवरची अक्षरं वाचा.

दुसरी, फिल्टर. मॉनिटरच्या मोडमध्ये मशीन साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढंच घेतं, म्हणजे हलण्याने रेघ डुलत नाही. पण त्या गाळणीत एसटीचा भागही (क्यूआरएस आणि टी यांच्या मधला तुकडा) वाकडा होऊ शकतो. निदानाच्या ईसीजीला ०.०५ ते १५० लागतं. मॉनिटरवर एसटी वर दिसला म्हणून अटॅक ठरवू नका, आणि सपाट दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका. बारा लीडचा कागद काढा.

तिसरी, कूलर. हसू नका. खान्देशात उन्हाळ्यात वॉर्डात कूलर लागतो, त्याचं अर्थिंग रामभरोसे, आणि स्क्रीनवर जाड, केसाळ रेघ येते. ती आपली ५० हर्ट्झची वीज. तो कूलर आणि उशाशी लावलेले मोबाइलचे चार्जर काढून बघा. आणि त्या कूलरला ओल्या हाताने हात लावू नका, ईसीजी तुमचाच काढावा लागेल.

---

जुना_स्टेथो | १६ मे, सकाळी ६:२०

निवृत्त प्राध्यापक. झोप कमी झाल्यामुळे पहाटे लिहितो आहे.

तापीकाठ, आपला हेतू चांगला, क्रम चुकीचा. पाया नसताना कळस चढवता आहात. ज्याला कागदावर पीआर (वरच्या कप्प्याच्या पी लाटेपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) मोजता येत नाही त्याला सरकत्या रेघेवर काय दिसणार? सेकंदाला २५ मिलिमीटर, छोटा चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२०, दोन आर लाटांमधले (क्यूआरएसच्या उंच टोकांमधले) मोठे चौकोन मोजा आणि ३००ला भागा. हे रक्तात भिनलं पाहिजे. आइंटहोव्हेनने नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ईसीजीचं पहिलं यंत्र बांधलं ते पावणेतीनशे किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावं लागे. त्या माणसाला १९२४चं नोबेल मिळालं ते आकडा वाचण्यासाठी नव्हे, लाट वाचण्यासाठी. आमच्या वेळी सर ईसीजीची पट्टी हातात देत आणि मागचं नाव अंगठ्याने झाकत. 'पेशंट नाही, आधी पट्टी' म्हणत. तुम्ही उलटं करता आहात.

आणि नॅपकिन हा मला नाटकीपणा वाटतो. क्षमस्व.

---

तापीकाठ | १६ मे, दुपारी १:१५

सर, पट्टी आधी यावी यात वादच नाही. माझ्या इंटर्नना पट्टी येते, ती तुमच्यासारख्यांनीच शिकवली. पण सरांनी अंगठ्याने नाव झाकलं तेव्हा तुम्हाला हे तर माहीत होतं ना, की लीड बरोबर लावलेत, पेशंट हलत नव्हता, आणि पट्टीत काहीतरी अभ्यासाजोगं आहे? रात्री तीनला या तिन्हींतलं एकही माहीत नसतं. मी ती तीन खात्रीशीर गोष्टींची सवय मोडायला बघतोय.

नाटकीपणा कबूल. पण नाटक लक्षात राहतं हो.

---

जुना_स्टेथो | १६ मे, दुपारी ४:४०

मुद्दा मान्य. नॅपकिन अमान्य.

एक मात्र जोडतो. १९६१ साली डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हार्ट अटॅकच्या पेशंटना एका जागी ठेवून सतत नजर ठेवली आणि शिकलेली माणसं जवळ असली तर थांबलेलं हृदय पुन्हा चालू करता येतं. कोरोनरी केअर युनिटची कल्पना तिथली. त्या पहिल्या युनिटांत रेघ ओळखायला शिकल्या त्या मुख्यतः नर्स, कारण रात्रभर तिथे त्याच असत. तेव्हा जांभूळपाणी यांनी वर लिहिलेलं हे त्याच परंपरेतलं आहे. माझ्या काळात आम्ही सिस्टरना चहा सांगायचो, लिमिट विचारत नव्हतो. चूक होती.

---

शेवभाजी | १६ मे, रात्री १०:३०

मी डॉक्टर नाही. मागच्या वर्षी वडील नऊ दिवस आयसीयूत होते. मी बाहेरून काचेतून फक्त त्या आकड्याकडे बघायचो. ८८ झाला की हायसं, १०४ झाला की पोटात गोळा. घरी फोन करून आकडे सांगायचो, आणि धुळ्याची बहीण वहीत लिहून ठेवायची. वही अजून आहे.

एक तरुण डॉक्टर यायचा, तो आधी बाबांच्या पायाला हात लावायचा, नखं दाबून बघायचा, मग मशीन. मला तेव्हा वाटायचं याला मशीन समजत नसावं. आज कळलं.

प्रश्न: आमच्यासारख्यांनी कोणत्या आकड्याकडे बघावं?

---

जांभूळपाणी | १७ मे, सकाळी ८:०५

शेवभाजीदादा, कुठल्याच नाही. आत जायला मिळालं की बाबांकडे बघा. नेहमीसारखं बोलतात का, दम लागतोय का, ओळखतात का, अचानक घाम फुटलाय का. यातलं काही वेगळं वाटलं तर मशीन काहीही म्हणो, आम्हाला हाक मारा. "सिस्टर, आज बाबा कसेतरीच दिसतात" हे वाक्य मी कधीच उडवून लावत नाही. घरच्या माणसाला आधी कळतं.

आणि बहिणीची वही जपून ठेवा.

---

सातपुड्याचा_वारा | १७ मे, रात्री ११:१८

सगळं पटतंय, पण एका गोष्टीला अडवतो.

मी नंदुरबार जिल्ह्यात डोंगराच्या बाजूला काम करतो. इथे बरेच दिवस माझा मॉनिटर म्हणजे माझी दोन बोटं आणि स्टेथो. त्यामुळे 'मशीन नको, पेशंट बघ' हे माझ्यासारख्याला सांगायची गरज नाही. पण तुमच्या नॅपकिनमुळे पोरं उद्या उलटी चूक करतील.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. बांधावर, शाळेच्या आवारात, सगळीकडे असते. तिचं बी पोटात गेलेला पेशंट येतो तेव्हा दोन उलट्या झालेल्या असतात, बाकी धडधाकट. उठून बसतो, नातेवाइकांशी भांडतो, घरी जायचं म्हणतो. नाडी ६२, बीपी छान. पेशंट बघितला तर सोडून द्याल. पण हे विष डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातीचं. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचणं हळूहळू बंद होतं. आधी पीआर लांबतो, मग एखादा ठोका गळतो, मग पी एकीकडे आणि क्यूआरएस एकीकडे. आणि हे सगळं आधी रेघेवर दिसतं. निदान चोवीस तास मॉनिटर काढायचा नाही, पुष्कळदा त्याहून जास्त. इथे पेशंट खोटं सांगतो आणि मशीन खरं.

कपाशीवर फवारणीचा हंगाम आला की ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर, नाडी मंद. उतारा म्हणून ॲट्रोपिन देत जातो. शिकाऊ पोरगं मॉनिटरवर ११० बघतं आणि म्हणतं, सर पुरे झालं, नाडी वाढली. अरे, छाती ऐक! आत अजून पाणी वाजतंय. ॲट्रोपिन किती द्यायचं हे एकटा मॉनिटर ठरवत नाही. फुप्फुसं कोरडी झाली का, हे मुख्य. पण याच पेशंटचा क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा वेळ) लांबतो आणि टोर्साड (व्हीटीचाच एक जीवघेणा प्रकार) होऊ शकतो, ते मात्र छातीला कान लावून ऐकू येत नाही. म्हणजे एकाच कॉटवर दोन्ही लागतात.

विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून लाल विंचवाने माणसं मरणं फार कमी झालं, पण हात-पाय गार, घाम आणि धावती नाडी हे पहिले काही तास सोडून चालत नाही.

अवांतर: धडगावहून तळोद्याकडे चांदसैली घाटातून १०८ उतरत असताना मॉनिटरवर जे काही दिसतं त्याला मी 'चांदसैली टॅकीकार्डिया' (टॅकीकार्डिया म्हणजे धावती नाडी) नाव ठेवलंय. खरी लाट बघायची असेल तर ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगावी लागते.

---

तापीकाठ | १८ मे, सकाळी ७:२२

सातपुड्याचा_वारा, पूर्ण शरण. बिट्टीचं उदाहरण मी कसं विसरलो, मलाच कळत नाही. आमच्याकडेही येतात. 'पेशंट बघा, मॉनिटर नको' हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरतोय आणि ते अर्धंच आहे. यापुढे नॅपकिनच्या सत्रानंतर दुसरं सत्र ठेवतो: पेशंट ठणठणीत, रेघ बिघडत चाललेली. त्यासाठी जुन्या केसमधल्या पट्ट्या, तासातासाच्या, एकाखाली एक चिकटवतो. जुना_स्टेथो सरांनाही आवडेल, पट्टीच आहे.

---

केळीचा_घड | १८ मे, सकाळी ९:०१

एक घरगुती शंका. पहिल्या पोस्टीतले आप्पा रावेरचे. पोटॅशियम वाढलेलं. म्हणजे केळी? आम्ही यावलचे, बागाच केळीच्या, नाष्ट्याला केळं, शिक्रण रोज. आता काय पपई लावायची का?

---

तापीकाठ | १८ मे, दुपारी १२:४८

हाहा. किडनी धड असलेल्याने बिनधास्त खावं. मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, चांगली किडनी ते सहज बाहेर टाकते. ज्याची किडनी काम करत नाही त्याला मात्र केळं, नारळपाणी, आणि कमी मिठाच्या नावाखाली मिळणारं पोटॅशियमवालं मीठ, सगळंच जपून. आप्पांचं मुख्य कारण चुकवलेलं डायलिसिस. केळी खाल्ली का विचारलं तर म्हणाले, "घरनी बाग शे, मोजीसन कोन खास?"

---

नाइट_ड्युटी | १९ मे, पहाटे ४:१२

इंटर्न. अर्थात नाव बदललंय. आत्ता ड्युटीवर आहे, सगळे झोपलेत (पेशंट).

सर, वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आम्हाला लाट ओळखता येत नाही असं नाही. भीती वेगळी आहे. समजा रुंद, वेगवान काहीतरी आलं. खरं व्हीटी की हललेला हात, हे ठरवायला मला तीस सेकंद लागतात. खरं असेल तर तीस सेकंद फुकट गेले. खोटं असेल आणि मी सिनियरला उठवलं, तर दुसऱ्या दिवशी राउंडला सगळ्यांसमोर माझी नक्कल होते. एकदा झाली. त्यानंतर मी एका रात्री फोन करायला वीस मिनिटं उशीर केला. पेशंट वाचला, पण माझ्या कारणाने नाही.

फोनवर नेमकं काय सांगायचं हेही कोणी शिकवलं नाही. "सर, मॉनिटरवर काहीतरी येतंय" म्हटलं की पलीकडून "काहीतरी म्हणजे काय?" आणि मग माझं डोकं रिकामं.

---

तापीकाठ | १९ मे, सकाळी ८:३०

बाळा, आधी हे: तीस सेकंद लाट बघत उभं राहायचंच नाही. रुंद-वेगवान दिसलं की पेशंटला हाक मार आणि त्याच वेळी मानेची नाडी धर. उत्तर नाही, नाडी नाही: दाबायला सुरुवात कर आणि ओरड, डिफिब (शॉक द्यायचं मशीन) येईल. लाटेचं नाव नंतर ठेवू. बोलतोय: मग तुझ्याकडे वेळ आहे. सॅच्युरेशनची लाट बघ, बीपी घे, बारा लीड काढ. बोलतोय म्हणून ते व्हीटी नाही असं मात्र धरू नको. व्हीटीतली माणसं कधीकधी गप्पा मारतात. सरळ रेघ आली तरी तेच: पेशंट, मग इलेक्ट्रोड, मग लीड बदलून आणि गेन (लाटेची उंची) वाढवून बघ.

फोनवर सांगायचं ते या क्रमाने. कॉट नंबर आणि कशासाठी भरती. शुद्धीवर आहे की नाही. हाताची नाडी आणि बीपी. मग रेघ: वेगवान की मंद, रुंद की अरुंद, नियमित की अनियमित. यापुढे नाव माहीत असेल तर सांग, नसेल तर सांगू नको. शेवटी: "सर, तुम्ही यायला हवं" किंवा "फोटो पाठवतो, सांगा". एवढ्यावर जो सिनियर चिडेल त्याच्याशी मी बोलेन.

आणि नक्कल करणाऱ्यांबद्दल: मीही केलीय. पाच-सहा वर्षांपूर्वी, राउंडला, अशाच एका पोराची. सगळे हसले होते. तुझी पोस्ट वाचेपर्यंत मला ती माझी विनोदबुद्धी वाटत होती.

---

जांभूळपाणी | १९ मे, संध्याकाळी ६:५०

नाइट_ड्युटी, सरांना फोन करायच्या आधी सिस्टरला हाक मार. आम्ही नक्कल करत नाही. पाठीमागे करतो, पण ऐकू येणार नाही अशी.

---

तापीकाठ | ६ जून, रात्री १०:४५

धागा वर काढतोय, हकिकत सांगायला.

दोन्ही सत्रं झाली, नॅपकिनचं आणि बिट्टीचं. इलेक्ट्रोड लावायचं सत्र आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरना दिलं आणि वेळापत्रकात त्यांचं नाव 'शिकवणार' या रकान्यात टाकलं. ऑफिसातून विचारणा आली की हे चालतं का. म्हटलं, चालतं. त्यांनी पहिल्याच दिवशी एका पोराला स्पिरिट वाळेपर्यंत फुंकर न मारता दोन्ही हात मागे बांधून उभं केलं.

तक्त्यातही बदल केला. मॉनिटरच्या हार्टरेटशेजारी नवा रकाना: 'नाडी, हाताने'. मी खूश होतो. आठवडाभराने तक्ते चाळले तर दोन्ही रकान्यांत सगळीकडे तोच आकडा. ८८-८८, ७६-७६, ११४-११४. एट्रियल फिब्रिलेशनच्या (एएफ: ठोके अनियमित, आणि सगळेच मनगटापर्यंत पोचत नाहीत) पेशंटचेसुद्धा जुळलेले! म्हणजे पोरं स्क्रीन बघून दोन्ही भरतात. रकाना वाढला, बोटं मनगटापर्यंत काही गेली नाहीत.

उपाय सुचवा.

---

जांभूळपाणी | ७ जून, सकाळी ७:४०

सर, एएफच्या पेशंटचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले की तो तक्ता सरळ परत द्यायचा, दुसरं काही बोलायचं नाही. शिवाय मी तक्ता भरायच्या वेळी मॉनिटर स्टँडवर भिंतीकडे फिरवून ठेवते. अलार्म ऐकू येतोच. आधी हाताचा रकाना भरून दाखव, मग फिरवते.

---

बिनतारी | ७ जून, सकाळी ९:१५

फिरवा, पण केबल ओढून फिरवू नका. मागचा कनेक्टर तुटला तर महिनाभर मिळत नाही.